'इट्स ऑन मी' म्हणालो आणि सावजीचं बिल आलं: मराठीत काय म्हणायचं हो याला?

बर्डीवाला | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, आधी प्रसंग सांगतो, मग प्रश्न.

मागच्या बुधवारी आमच्या ऑफिसात बाहेरची माणसं आली होती. दोघं बंगलोरचे, एक बाई थेट इंग्लंडहून. दुपारीच विषय निघाला की नागपुरात आलोय तर सावजी खायचंच. आमचे सगळे एकमेकांची तोंडं पाहून राहिले. कुठं न्यायचं, तिखट कमी टाका म्हणून कोण सांगणार, गाड्या किती लागणार. म्हटलं, आपणच पुढं व्हावं. 'जबाबदारी माझ्यावर सोडा' हे इंग्रजीत सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "डोन्ट वरी, डिनर इज ऑन मी."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. मला वाटलं, वा, एवढ्याशा कामाची काय कदर करतात ही माणसं!

अकरा जण होतो. मटण, अंडाकरी, न खाणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा, भाकऱ्या, आणि साहेबांच्या डोळ्यातून पाणी आल्यावर आइस्क्रीम. बिल झालं ५,६४०. वेटरनं ते टेबलाच्या मधोमध ठेवलं. बाईंनी एका बोटानं हळूच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "सो काइंड ऑफ यू." तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाजूला आमचा मित्र रुमालात तोंड घालून हसून राहिला होता. त्याला आधीच समजलं होतं. सांगितलं नाही लेकाच्यानं.

घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "आज सगळं जेवण माझ्यावर आलं." बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "काहून, रस्सा सांडला काय?"

तर माझं नेमकं काय चुकलं, हे कोणी जाणत्यानं सांगावं. आणि दुसरं म्हणजे, आजकाल पोट्टे सरळ 'आजचा चहा माझ्यावर' म्हणून राहिले. माझ्या कानाला खटकते. बाबांच्याही खटकलं. पण का खटकते ते सांगता येत नाही.

---

तर्रीबाज | रात्री ९:४८

बाकी सगळं ठीक, पुढची पार्टी कधी? आम्ही इंग्लंडचे नाही, पण 'सो काइंड ऑफ यू' म्हणता येतं.

---

पेन्शनर मास्तर | रात्री १०:१५

बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून धीर करतो.

बर्डीवाले, तुमचं वाक्य व्याकरणात चोख आहे. फक्त त्याचा अर्थ तुम्हाला हवा तो नाही. जेवण, कॉफी, सिनेमाची तिकिटं अशा पैशानं घ्यायच्या गोष्टीला 'ऑन मी' लागलं की पैसे मी देणार, एवढाच अर्थ. हॉटेलमालकानं फुकट काही पाठवलं तर ते 'ऑन द हाउस'. हे हाउस म्हणजे घर नाही, ते खानावळ किंवा दारूचं दुकान. आमच्या एका विद्यार्थ्यानं पेपरात 'घराच्या गच्चीवर दिलेली मेजवानी' असं लिहिलं होतं. मी अर्धा गुण दिला, कल्पनाशक्तीला.

तुम्हाला म्हणायचं होतं ते 'लीव्ह इट टू मी'. यात खिसा येत नाही, फक्त डोकेदुखी येते. 'इट्स अप टू मी' म्हटलं असतं तर निराळाच घोळ झाला असता, कारण त्याचा अर्थ निर्णय माझ्या हातात, तुम्ही गप्प बसा.

आणि 'दॅट्स ऑन मी' याचा हल्लीच्या बोलण्यात आणखी एक अर्थ आहे: चूक माझी. प्रोजेक्ट बुडाला, दॅट्स ऑन मी. म्हणजे पार्टीही 'ऑन मी' आणि पापही 'ऑन मी'. समोर ताट आहे की आरोप आहे, ते पाहून अर्थ लावायचा.

बिलाच्या बाबतीतला 'फुट द बिल' हा मला सगळ्यात आवडणारा. पोरांना वाटतं लाथ मारायची. जुन्या हिशोबात आकड्यांची उभी रांग मांडायची आणि बेरीज तळाशी, म्हणजे पायाशी लिहायची. त्या बेरजेला 'फुटिंग' म्हणत. पायाशी आलेला आकडा जो देतो, तो बिल 'फुट' करतो. मात्र यात जरा कुरकुर असते. हौसेनं देणारा 'ऑन मी' म्हणतो. ज्याच्या गळ्यात पडतं तो 'फुट' करतो. तुम्ही टाळ्या वाजेपर्यंत पहिले होता, बाई बोलल्यावर दुसरे झालात.

---

बर्डीवाला | रात्री १०:२२

मास्तर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसून राहिली.

---

मुळामुठा | रात्री १०:४०

पुण्यात हा प्रश्नच येत नाही. टीटीएमएम. तू तुझं, मी माझं. विषय संपला.

---

तर्रीबाज | रात्री १०:४३

पुण्यात विषय जेवायच्या आधीच संपते, आम्हाला माहीत आहे.

---

आयटीपार्क रिटर्न | रात्री १०:५५

आमच्यात 'काँट्री' काढतात. काँट्रिब्यूशनमधलं मागचं सगळं गळून पडलं. "काँट्री किती बसली बे?" असं विचारायचं. यात कोणी पाजत नाही, कोणी उपकार करत नाही. फक्त शेवटी वीस रुपये कमी पडतात आणि ते कोणाचे हे कधीच कळत नाही.

इंग्रजीत याला 'गोइंग डच' म्हणतात ना? डच लोक खरंच इतके चिकट असतात काय?

---

थेम्सकाठचा वऱ्हाडी | रात्री ११:३०

लिहायचं नव्हतं, पण डचांवर आलं म्हणून लिहितो. १६५२ ते १६७४ या काळात इंग्लंड आणि हॉलंड समुद्रावरच्या व्यापारासाठी तीनदा लढले. त्या भांडणातून इंग्रजीत 'डच' शब्द जोडून टोमणे मारायची खोड लागली. दारू पिऊन आलेलं धाडस म्हणजे 'डच करेज'. 'डच ट्रीट' हा शब्द बराच नंतरचा, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला, पण खोड तीच: ज्याला ट्रीट म्हणताच येत नाही अशी ट्रीट. म्हणजे पुणेकरांवरचे विनोद जसे पुणेकरांना विचारून केलेले नसतात, तसंच.

गंमत पुढं आहे. २०१६ साली तिथल्या एका मोठ्या बँकेनं 'टिकी' नावाचं ॲप काढलं. जेवलात, एकानं पैसे दिले, बाकीच्यांना मोबाइलवर आपापल्या वाट्याची मागणी जाते. आता तिथं 'टिकी पाठवतो' हे रोजचं बोलणं झालंय. टोमणा होता, त्याचं त्यांनी ॲप करून टाकलं! मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आलू टिक्की पाठवतात काय रे?

बर्डीवाल्यांच्या पाहुणीबद्दल थोडं. ब्रिटिश माणूस पबमध्ये एकटा स्वतःपुरतं घेत नाही. 'राउंड' असतो. पाच जण असतील तर पहिला पाच ग्लास आणतो, मग दुसरा पाच. 'धिस वन्स ऑन मी' म्हणजे ही फेरी माझी, पुढची तुझी. म्हणून तिथं ते वाक्य ऐकून कोणी भारावत नाही. पण आपला नंबर आल्यावर जो मोबाइल बघत बसतो, त्याची आठवण वर्षभर काढतात. ऑस्ट्रेलियात यालाच 'माय शाउट' म्हणतात. ओरडायचं नाही, पैसे द्यायचे.

या फेरीच्या सवयीनं माणसं गरजेपेक्षा जास्त पितात, म्हणून पहिल्या महायुद्धात सरकारनं चक्क दुसऱ्याला दारू पाजायला बंदी केली होती. लंडनमध्ये ऑक्टोबर १९१५ पासून. नवऱ्यानं बायकोला ग्लास घेऊन दिला तरी गुन्हा. सूट एकच होती: जेवण देत असाल तर जेवणासोबतचं पेय चालेल. म्हणजे बर्डीवाले, तुमचं सावजी तेव्हाही कायद्यात बसलं असतं.

---

काळा कोट | रात्री ११:५२

वरच्या प्रतिसादावरून आठवलं. 'ट्रीटिंग' हा आपल्याकडेही कायद्यातला शब्द आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम १७१-ई होतं. निवडणुकीत मतासाठी खाऊपिऊ घालणं म्हणजे लाचेचाच प्रकार, पण नुसत्या खाण्यापिण्याची लाच असेल तर शिक्षा फक्त दंडाची. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, पण ट्रीटिंगचा वेगळा उल्लेख तिच्यातही आहे.

'ट्रीट'चा मूळ अर्थच वागवणं, वाटाघाटी करणं. त्यातूनच तहाची 'ट्रीटी' आली आणि दवाखान्यातली 'ट्रीटमेंट' आली. दवाखान्यांच्या धंतोलीत राहतो, शेवटच्या ट्रीटचं बिल कोण देतो ते रोज पाहतो.

---

खर्रा मुक्ती | रात्री १२:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

शेवंतीची आई | रविवार, सकाळी ७:२०

पुरुष मंडळींनी रात्रभर बराच अभ्यास केलेला दिसतोय. आम्हा बायकांना यातलं एकही वाक्य लागत नाही. का, ते सांगते.

मी आणि माझी जाऊ 'आपली बस'नं, म्हणजे शहर बसनं, महाल भागात जातो. कंडक्टर अजून दोन सीट मागे असतो आणि जाऊबाई म्हणतात, "वहिनी, तुमच्याकडे सुट्टे नसतील." मी म्हणते, "आहेत हो." तोवर त्यांनी दोघींची तिकिटं फाडलेली असतात. परतताना मी आधीच पन्नासची नोट मुठीत धरून चढते. बदला घ्यायचा असतो ना. 'तुमच्याकडे सुट्टे नसतील' हेच आमचं 'इट्स ऑन मी'. समोरच्याकडे नोटांचं पुडकं असलं तरी म्हणायचं.

नाश्त्याच्या दुकानात आणखी वेगळं. एकजण हात धुवायला म्हणून उठते. हात धुवायला नाहीच, गल्ल्यावर जाते. परत येऊन पदर सावरत बसते आणि बाकीच्यांनी पर्स उघडल्या की म्हणते, "दिले मी." संपलं. लक्षात घ्या, 'देते मी' नाही. 'देते' म्हटलं की भांडण सुरू होतं, "नाही हो, तुम्ही मागच्या वेळी दिले होते." 'दिले' म्हटलं की कोणाला काही करता येत नाही. मास्तरांनी सांगावं, इंग्रजीत जेवायच्या आधी जाहीर करतात ते आपण पैसे देऊन झाल्यावर सांगतो, हे खरं ना? आधी सांगितलं तर समोरचा मोकळेपणानं मागवत नाही. एक प्लेट आलूबोंड्यावर 'पोट भरलं' म्हणतो.

---

पेन्शनर मास्तर | सकाळी ८:०५

ताई, नमस्कार करतो. बत्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. भूतकाळाचा इतका उपयोग मी वर्गात कधी शिकवला नाही.

---

टपरीपुत्र | सकाळी ९:३०

माझ्या वडिलांची मेडिकल चौकाकडे चहाची टपरी होती, म्हणून गल्ल्याच्या आतल्या बाजूनं सांगतो.

आमच्याकडे 'माझ्यावर' कोणी म्हणत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "पाच कट पाज, माझ्या नावावर लिही." लांब वही असायची, दर पानावर एक नाव. दुसऱ्यासाठी चहा सांगणारा बोटानं वर्तुळ काढायचा, म्हणजे एवढे सगळे माझ्या पानावर. इंग्रजीत जो 'टॅब' म्हणतात तो आमच्या वहीतलं पान. 'पिक अप द टॅब' म्हणजे त्या पानाचा हिशोब चुकता करणं. आमच्याकडे मात्र पान चुकतं करायला महिनाअखेर गाठून पकडावं लागायचं.

आता सगळे स्कॅन करतात. शेवंतीच्या आईंनी सांगितलं तसं गुपचूप गल्ल्यावर जाऊन देणं बंदच झालं, कारण तो डबा मोठ्यानं ओरडतो, "एक सौ बीस रुपये प्राप्त हुए." अख्ख्या चौकाला समजते कोणी दिले. मी असेही पाहिलेत जे मोबाइल हातात घेऊन क्यूआर कोडवर नेम धरून उभे राहतात आणि दुसऱ्याच्या डब्याचा आवाज आला की म्हणतात, "अरे, मी देऊनच राहिलो होतो ना!" नेट स्लो असते त्यांचं. दरवेळी.

---

गोकुळपेठ जुनी | सकाळी १०:१५

आता मूळ प्रश्नावर येऊ. 'चहा माझ्यावर' का खटकतं?

मराठीत माणसा'वर' काय काय येतं ते आठवून पाहा. कर्ज येतं, आळ येतो, केस होते, जबाबदारी पडते, राग निघतो, संकट कोसळतं. सगळी ओझी. म्हणून 'खर्च माझ्यावर पडला' हे शुद्ध मराठी, कारण खर्च हे ओझं आहे. चहा ओझं नाही, तो पातळ पदार्थ आहे. तो माझ्यावर आला तर बर्डीवाल्यांच्या बाबांनी विचारलं तेच कोणीही विचारणार.

दुसरं असं की दुसऱ्याच्या पैशानं खाण्याला आपल्याकडे 'वर' लावतात, पण कसं? लोकांच्या जिवावर. बापाच्या पैशावर. आयत्या बिळावर नागोबा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. प्रत्येक ठिकाणी 'वर' आहे आणि प्रत्येक ठिकाणी टोमणा आहे. खाणाऱ्याला हिणवणारा शब्द पाहुण्यासमोर वापरायचा म्हणजे ताटाच्या बाजूला झाडू ठेवण्यासारखं आहे. पोरांना ते जाणवत नसेल, पण जुन्या कानाला ते ऐकू येतं. बर्डीवाले, तुम्हाला खटकलं ते यामुळे.

आणि बघा, तुमचं काय झालं. 'जबाबदारी माझ्यावर' हे मराठीतलं 'वर' तुम्ही उचलून इंग्रजीत नेलं, तिथं त्याचं बिल झालं. पोरं इंग्रजीतलं 'ऑन' उचलून मराठीत आणतात, इथं तो रस्सा होऊन अंगावर सांडतो. पूल एकच, जाणारे दोन्हीकडून.

---

आयटीपार्क रिटर्न | सकाळी १०:३२

मान्य, पण भाषा बदलते ना? 'माझ्या नावावर लिही' यातही 'वर' आहेच की. टपरीपुत्राच्या वडिलांना कोणी टोमणा मारून राहिलं नव्हतं. 'नावावर'मधलं 'नावा' गळालं तर 'माझ्यावर' उरते. काँट्रीमधलं गळालंच ना.

---

गोकुळपेठ जुनी | सकाळी १०:५०

मुद्दा बिनतोड आहे. दहा वर्षांनी तुम्ही जिंकलेले असाल. तोवर मला खटकू द्या.

---

मुळामुठा | सकाळी ११:१०

मग योग्य शब्द कोणता ते कोणी सांगेल का? की नागपुरात ते पण चहा पिऊन ठरवतात?

---

शेवंतीची आई | सकाळी ११:४०

एक शब्द नाहीच मुळी, भाऊ. कोण कोणाला म्हणतंय त्यावर आहे. मित्राला 'चल, चहा पाजतो' चालतं. हेच सासऱ्यांना म्हणून पाहा! 'पाजणं' लहानाला, बरोबरीच्याला, नाहीतर दारूला. मोठ्यांना 'चला ना काका, चहा घेऊ' एवढंच म्हणायचं, पैशाचा उल्लेखच नाही. मुलांना 'खाऊ घालते'. बढती झाली, निकाल लागला तर 'माझ्याकडून पार्टी'. ऑफिसच्या पत्रिकेवर 'तर्फे'. आमच्या इथले हिंदीत 'मेरी तरफ से' म्हणतात, तेच मराठीत 'माझ्या तरफून' होऊन येतं, आणि नागपुरात ते कोणालाच खटकत नाही. शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, राजधानी होतं. दोन्ही भाषा एकाच ताटात जेवलेल्या आहेत.

आणि स्वतःच्या खिशाला झळ सोसून सार्वजनिक कामाला पैसे लावले तर त्याला 'पदरमोड' म्हणतात. गणपतीच्या मंडळात ऐकला असेल. फार देखणा शब्द आहे, पण चहाला वापरू नका, हसतील.

---

तर्रीबाज | दुपारी १२:०५

म्हणजे बर्डीवाल्यांनी केली ती पदरमोड नाही काय? ५,६४० होते.

---

काळा कोट | दुपारी १२:१२

पदरमोड स्वेच्छेनं असते. हा भुर्दंड.

---

बर्डीवाला | दुपारी १:३०

सगळ्यांचे आभार. गोकुळपेठ जुनींचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "मी एका वाक्यात सांगितलं होतं, त्यायनं एवढं लिहिलं."

एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी सकाळी त्या बाई निघायच्या आधी आम्ही सगळे तर्री पोहे खायला गेलो. मी प्लेटा मोजून राहिलो होतो, म्हटलं या वेळी काँट्री काढू. तेवढ्यात बाई हात धुवायला म्हणून उठल्या. परत आल्या तर डब्यातून आवाज, "तीन सौ तीस रुपये प्राप्त हुए." बंगलोरच्या साहेबांचा मोबाइल घेऊन गेल्या होत्या. त्यांना हे कोणी शिकवलं, काही पत्ता नाही. मित्र पुन्हा रुमालात तोंड घालून बसला होता, त्यामुळे संशय आहे.

---

शेवंतीची आई | दुपारी १:४५

बाई हुशार आहेत. भिशीत घ्या त्यांना.

---

तर्रीबाज | दुपारी २:१०

पुढच्या रविवारी फुटाळा तलावावर कट्टा करायचा का, सगळे भेटू? सकाळी आठ. मी, मास्तर, टपरीपुत्र येतो म्हणतात. पुण्याहून कोणी येणार असेल तर सुट्टे आणा.

---

मुळामुठा | दुपारी २:३०

येतो. त्या आठवड्यात तसंही नागपुरात काम आहे. कोण देतंय?

---

बर्डीवाला | दुपारी २:३४

मी येतो. बोलणार काही नाही.